डावा नव्हे, उजवा

माझ्या ताईला चुकीचं बोललेलं ऐकवत नाही. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती ते दुरुस्त करून मोकळी होते. रस्त्यात दोन अनोळखी माणसं 'पोस्ट साडेपाचला बंद होतं' असं बोलत असतील तर ही थांबते, 'पाचला' म्हणते आणि पुढे चालू लागते. शेजाऱ्यांच्या लग्नाला किती वर्षं झाली हे शेजाऱ्यांपेक्षा हिला पक्कं ठाऊक. एका शोकसभेत वक्त्याने गेलेल्या माणसाचं वय एकाहत्तर सांगितलं, तर मागच्या रांगेतून हिचा आवाज आला, 'त्र्याहत्तर!' मी खाली मान घालून चपला बघत बसले. मी तिची धाकटी बहीण. चौपन्न वर्षं तिच्या सहवासात काढली, त्यातली निदान पन्नास वैतागण्यात गेली.

आम्ही दोघीच राहतो. पुढच्या खोलीत माझं झेरॉक्सचं आणि टायपिंगचं दुकान आहे. ताई हाडांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते, बावीस वर्षं झाली. पेशंटची कार्डं, वेळेची वही आणि फोन, एवढं तिचं राज्य. कार्ड न काढता ती सांगू शकते की अमक्याचा गुडघा कोणत्या महिन्यात बदलला आणि तमक्याचं प्लास्टर कोणत्या वारी काढलं. मोठे डॉक्टर तिला लाडाने 'आमची वही' म्हणतात. त्या लाडानेच ती शेफारली, असं माझं मत आहे.

तर ह्या खोडीपायी एका बाईचा ठावठिकाणा तिच्या नवऱ्याला लागला. ज्याने दार आपटून तिचं मनगट मोडलं होतं, त्याच नवऱ्याला. मी अजून त्या गोष्टीने जळते आहे, आणि कोणावर जळते आहे ते पुढे कळेलच.

ती बाई घड्याळं दुरुस्त करायची. ताईच्या तोंडी तिचं नाव 'घड्याळवाली'. नवऱ्याचं घर सोडून ती आमच्या गावात आत्याकडे आली होती, माहेरचं आडनाव लावू लागली होती, आणि दवाखान्यापासून पाच मिनिटांवरच्या घड्याळाच्या दुकानात कामाला लागली होती. मालक म्हातारे, त्यांचे हात थरथरायला लागले होते, त्यांना हिचे हात हवे होते. पण हिचा उजवा हात मनगटात नीट वाकत नव्हता. बारीक स्क्रूड्रायव्हर धरला की दहा मिनिटांत बोटं बधिर. म्हणून दर गुरुवारी चारला दवाखान्यात व्यायाम. तीन महिने नेमाने केला तर हात पूर्ववत होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि हात म्हणजे तिची भाकरी. तिच्या कार्डावर ताईने स्वतः लाल शाईने लिहिलं होतं: 'पत्ता कोणालाही सांगू नये.' दोनदा अधोरेखित केलं होतं.

आणि ताईने पत्ता कोणालाही सांगितला नाही. हे मी तिच्या बाजूने सांगते, कारण नंतर ती स्वतःच ते शंभरदा सांगत होती.

पहिला फोन आला तो सोमवारी. मोडलेल्या मनगटाला आधाराचे पट्टे बनवणाऱ्या दुकानातून बोलतोय, असं तो म्हणाला. आवाज मऊ, अदबशीर, जरा घाईतला. त्याने त्या बाईचं नाव घेतलं, नवऱ्याच्या आडनावासकट, आणि म्हणाला, "त्यांच्या डाव्या हाताचा पट्टा तयार आहे, मॅडम."

"डावा नव्हे, उजवा," ताई म्हणाली. "आणि ते आडनाव त्या आता लावत नाहीत. तुमचे कागद जुने दिसतात."

"अरे देवा! बरं झालं सांगितलंत. उजव्याचा नव्याने करायला घेतो."

झालं! ताई त्या दिवशी घरी आली ती खुशीत. तिच्यामुळे एका दुकानदाराची चूक टळली होती आणि एका बाईला उलट्या हाताचा पट्टा मिळायचा वाचला होता. मीही मान डोलावली असणार. नंतर पोलिसांनी सांगितलं की त्याने हेच वाक्य त्या आठवड्यात पाच दवाखान्यांत ऐकवलं होतं. चार ठिकाणी उत्तर मिळालं, 'आम्हाला माहीत नाही.' पाचव्या ठिकाणी आमची ताई होती.

पुढच्या सोमवारी पुन्हा तोच. "पट्टा झालाय मॅडम. आमचा माणूस सोमवारी सकाळी आणून देईल, त्या असतातच ना सोमवारी?"

"सोमवारी कशाला असतील? गुरुवारी चार वाजता."

त्याने आभार मानले, ताईच्या तब्येतीची चौकशी केली, आमच्याकडे अशी टापटीप कोणी ठेवत नाही म्हणाला. स्तुतीला ताई भुलते असं नाही. पण टापटिपीच्या स्तुतीला भुलते. तिने त्याला घरचा नंबरही देऊन टाकला, दुपारी दवाखाना बंद असतो, काही अडलं तर घरी करा म्हणून. तिसऱ्या सोमवारी तो म्हणाला, "गुरुवारी थोडा उशीर झाला आमच्याकडून तर चालेल ना? त्यांनाही बसने यायला वेळ लागतच असेल." ताई म्हणाली, "बस कसली हो, कामावरून चालत येतात, पाच मिनिटं." बस, एवढंच. कोणी तिला काही विचारलं नव्हतं. त्याने चुका करायच्या आणि तिने दुरुस्त करायच्या, असा तो सगळा व्यवहार. तिच्यासारख्या माणसाला प्रश्न विचारला असता तर तिने लाल शाई बघितली असती. चूक ऐकल्यावर मात्र तिला काही दिसत नाही.

मग तो गुरुवार आला.

साडेतीनच्या सुमारास दुकानासमोरच्या फुटपाथवर एक माणूस हातात खोका घेऊन उभा होता. घड्याळवाली काचेमागे बाकावर काम करत होती. तिने मान वर केली आणि त्याला बघितलं. मालक सांगतात, तिने आरडाओरडा केला नाही. डोळ्यावरचं भिंग काढलं, उघडं घड्याळ आणि त्याचे सुटे भाग काचेच्या झाकणाखाली सरकवले, धूळ बसू नये म्हणून, आणि मागच्या दाराने निघून गेली. ती परत आलीच नाही. मालकांना कळलं तेव्हा त्यांनी आधी आत्याच्या घरी फोन केला आणि मग दवाखान्यात ताईला: नवरा आलाय, हातात खोका आहे.

ताईने फोन ठेवला, इतक्यात दवाखान्याचं दार उघडलं. खोका घेऊन तोच आत आला. तो बोलू लागताच आवाजावरून तिने त्याला ओळखलं.

"मॅडम, मी पट्टेवाला. त्या बाई आज भेटल्याच नाहीत. आता घरीच नेऊन देतो. पुलापलीकडे राहतात ना त्या?"

त्या पुलापलीकडे राहत नव्हत्या. ताईने मला हे रात्री सांगितलं. म्हणाली, "छोटे, उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं गं. मला माहीत होतं हा कोण आहे, तरी आलं होतं!" तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. अक्षरशः. छप्पन्न वर्षांची बाई, स्वागतकक्षाच्या खुर्चीत, तोंड दाबून बसलेली, आणि समोर तो गृहस्थ वाट बघत उभा. मग त्याने जरा आवाज चढवला, "काय मॅडम, पुलापलीकडेच ना?" ताईने मान हलवली नाही, डोळेसुद्धा हलवले नाहीत. आतून फिजिओ बाहेर आली, मागून दोन पेशंट आले, कुबड्यांसकट, आणि खोका तिथेच टाकून तो निघून गेला. खोका रिकामा होता.

आत्या म्हणाली, "ती दहा मिनिटांत पिशवी भरून गेली, कुठे ते मलाही सांगितलं नाही." नोकरी गेली, आसरा गेला, आणि व्यायामाचे सात आठवडे अजून उरले होते.

पोलिसांकडे तक्रार झाली. हवालदार भला माणूस, पण त्याच्या कागदावर ही गोष्ट काही बसेना. "तुम्ही त्याला नेमकं काय सांगितलंत?" असं त्याने विचारलं, तेव्हा ताई म्हणाली, "मी काहीच सांगितलं नाही. त्याच्या चुका सांगितल्या." हवालदाराने पेन खाली ठेवलं. मी कपाळाला हात लावला.

नंतर दवाखान्याने एका प्रशिक्षणवालीला बोलावलं. तिशीची मुलगी, लॅपटॉप घेऊन आली आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना एका खोलीत बसवून म्हणाली की ह्याला सोशल इंजिनिअरिंग म्हणतात. ताईला पटेना. इंजिनिअर पूल बांधतो, ती म्हणाली, हा तर निव्वळ लबाड. त्या मुलीने शांतपणे समजावलं: कुलूप तोडायचं नाही, किल्ली ज्याच्या हातात आहे त्याच्या स्वभावाला हात घालायचा. कोणी घाबरट असतं, त्याला साहेबाच्या नावाने दरडावायचं. कोणी मदतीला तत्पर असतं, त्याच्यापुढे अडचणीत सापडायचं. कोणी घाईत असतं, त्याला आणखी घाई लावायची. दार धरून ठेवणाऱ्या सभ्य माणसाच्या मागून हातात दोन पिशव्या घेऊन आत शिरायचं. आणि ज्याला चूक सहन होत नाही, त्याच्यासमोर चुकायचं. दोष माणसाचा नसतो, ती म्हणाली, त्याच्या चांगल्या सवयीचाच दांडा कुऱ्हाडीला लावतात. मग तिने सांगितलं की तिचं पोटही ह्याच विद्येवर चालतं. कंपन्या तिला नेमतात, ती त्यांच्याच माणसांना फसवून आत शिरते आणि मग कुठून शिरले ते लिहून देते. फरक एवढाच, की ती आधी परवानगी घेते.

मी हे सगळं ताईकडून ऐकलं, अर्थातच मधल्यामधल्या दुरुस्त्यांसह.

त्यानंतर ताई अशी काही सावध झाली की विचारू नका. मोठ्या डॉक्टरांच्या बायकोने फोन केला, तर हिने तिला लग्नाची तारीख विचारली. तिने सांगितली, तर म्हणाली, ही कोणालाही माहीत असू शकते. एका म्हाताऱ्याने स्वतःची वेळ विचारली, त्याला म्हणाली, मी सांगू शकत नाही. बिचारा काठी टेकत प्रत्यक्ष आला. फोनवर कोणी चुकीचं बोललं की ही टेबलाची कड घट्ट धरते आणि 'असेल' म्हणते. 'असेल' म्हणताना तिला किती यातना होतात, ते तिचं तोंड बघितल्यावर कळतं.

पण घरी मात्र तिने माझं डोकं खाल्लं. दहा दिवस रोज जेवताना एकच.

"मी आडनाव सांगितलं. उजवा सांगितला. गुरुवार चार सांगितलं. चालत पाच मिनिटं सांगितलं." ती एकेक बोट दुमडून हिशेब करायची. "घड्याळाचं दुकान मी नाही सांगितलं. मला पक्कं आठवतं. मग त्याला दुकान कुठून कळलं?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, सांगितलं असशील!" मी ओरडायचे.

"नाही सांगितलं."

"पाच मिनिटांवर किती दुकानं आहेत? हुडकलं असेल त्याने."

"सतरा आहेत. आणि कामाची जागा म्हणजे दुकानच, हे तरी त्याला कोणी सांगितलं?"

मी ताट उचलून आत जायचे. तिचा वैताग यायचा, तिच्या बोटांचा वैताग यायचा, आणि तिच्या बिनचूक स्मरणशक्तीचा तर इतका वैताग यायचा की ताट आपटावंसं वाटायचं. कारण ती खरं बोलत होती. दुकान तिने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.

त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी दीडला घरचा फोन वाजला होता. माझ्यासमोर तीन गिऱ्हाइकं, मशीनमध्ये कागद अडकलेला, हात शाईने काळे. तोच तो मऊ आवाज: "ताई आहेत का? पट्टेवाला बोलतोय. उद्याची गडबड होणार हो, दवाखान्यात फोन लागत नाही. त्या पेशंट जवळच कुठे औषधांच्या दुकानात कामाला आहेत ना, तिथेच नेऊन दिलं असतं…"

ताई आणि तिचे पेशंट! रोज जेवताना त्यांच्या हाडांच्या कहाण्या ऐकायच्या, आणि आता त्यांचे फोनही मी घ्यायचे? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "औषधांच्या दुकानात कशाला मरायला जाईल ती? घड्याळाच्या दुकानात जा आणि घाला एकदाचं ते तिच्या हातात! मी काय तुमची ऑपरेटर आहे?" आणि फोन आपटला. चांगला झापला म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. समोरची गिऱ्हाइकं हसली.

लोक मला फटकळ म्हणतात आणि मला त्याचा अभिमान आहे. मला कोणी गोड बोलून गुंडाळू शकत नाही. गुंडाळलं नाहीच त्याने. मला फक्त चिडवलं, आणि ताईसाठी त्याला तीन सोमवार लागले, माझ्याकडून मात्र अर्ध्या मिनिटात काढून घेतलं. ताईने निदान शेवटी तोंड दाबलं. मी तर वर ओरडून सांगितलं.

अकराव्या दिवशी तिने पुन्हा बोटं मोजायला घेतली तेव्हा मी बोलले. सगळं नाही सांगता आलं नीट. चिडूनच सांगितलं, जणू तिचीच चूक होती. ताईचा हात तसाच अर्धवट उघडा राहिला.

"कोणता वार?" तिने विचारलं.

"बुधवार."

"किती वाजता?"

"दीड."

"मग जुळतं," ती म्हणाली. उठली, दोघींची ताटं घेऊन आत गेली. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी मशीनवर वाकडे कागद घातले, गिऱ्हाइकांवर ओरडले. ती रागावली असती, भांडली असती, तर मला उत्तर देता आलं असतं. तिने ती संधीच दिली नाही.

आणि मग एका रविवारी सकाळी फोन आला. मी उचलला.

"ताई आहेत का?" बाईचा आवाज, लांबचा.

मी आता शहाणी झालेली. "अशी कोणी ताई इथे राहत नाही," मी करड्या आवाजात म्हणाले.

"आहे की!" आतून ओरडत ताई आली आणि तिने माझ्या हातातून फोन घेतला. मी कपाळ बडवून घेतलं. 'बोला' म्हणाली आणि तिचा चेहरा बदलला. तिने मला हाताने खुणावलं, मी जवळ गेले. घड्याळवालीच होती. ताईने तिलाही कधीतरी घरचा नंबर देऊन ठेवला होता. फोनमधून तिचं बोलणं मलाही ऐकू येत होतं. ती रागावलेली नव्हती. तिला नवीन ठिकाणी काम मिळालं होतं, आणि हातासाठी जुने रिपोर्ट हवे होते.

"पत्ता घ्या ना लिहून," ती म्हणाली. "मी आता इथे…"

"थांबा!" ताई इतक्या जोरात ओरडली की मी दचकले. "गावाचं नाव घेऊ नका. पत्ता सांगू नका. मला काहीही सांगू नका."

"पण मग रिपोर्ट कुठे पाठवणार?"

"पाठवणार नाही. कागद घ्या, मी सांगते ते लिहा." आणि ताईने तिला रिपोर्ट तोंडी सांगितला, फोटोत हाड कुठे जुळलं होतं, मनगट किती अंश वाकत होतं आणि किती वाकायला हवं. मग व्यायाम, एकेक, पहिल्यापासून. टेबलाच्या कडेला हात कसा ठेवायचा, टॉवेल कसा पिळायचा, किती वेळा, कुठे थांबायचं. बावीस वर्षं त्या खोलीचं दार उघडं असायचं आणि ही बाहेर बसून ऐकायची. पलीकडे ती बाई लिहून घेत होती आणि मधेमधे वाचून दाखवत होती. पाऊण तास चाललं. मी दुकानाचं शटर अर्धवट ओढलं, कोणी आत येऊ नये म्हणून.

शेवटी पलीकडून आवाज आला, "ताई, मी अधूनमधून फोन करत जाऊ का? हात कसा चाललाय ते सांगायला."

ताईने डोळे मिटले. तिला त्या बाईची किती सवय झाली होती ते मला ठाऊक होतं.

"नको," ती म्हणाली. "मला कळलं की ते माझ्याकडून बाहेर पडतं. आमच्या घरातच तसं आहे. तुम्ही हा नंबर फाडून टाका."

पलीकडून 'बरं, ताई' असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

'आमच्या घरातच' असं ती म्हणाली होती. मी तिच्याकडे बघितलं. आणि नेहमीप्रमाणे माझा राग मी तिच्यावरच काढला.

"पाऊण तास बोललीस! निदान हात आता कसा आहे तिचा, ते तरी कळलं का?"

"मी विचारलं नाही," ताई म्हणाली.